भिंतीला चवथ कळत नाही

मावशी,

आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली. गेल्या डिसेंबरात आम्ही गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एक जुनं घर विकत घेतलं. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे सोपा, मागे बाव (विहीर), भिंतीला लागून फणस आणि अंगणाच्या मधोमध तुळशीवृंदावन. अजून भाड्याच्या फ्लॅटमध्येच राहतो. दुरुस्तीसाठी हातात आठ लाख आहेत. भिंतींचे पोपडे निघतात, दोन खोल्यांत कौलांमधून ऊन दिसतं. नवऱ्याचं म्हणणं, सगळीकडे सिमेंटचा गिलावा, फॉल्स सीलिंग, मॉड्युलर किचन, अंगणभर पेव्हर, आणि वृंदावन बाजूला सरकवायचं म्हणजे गाडी सरळ आत येईल. मला घर आहे तसंच हवंय, फक्त नीट केलेलं. सासरे म्हणतात, पाडा आणि स्लॅब घाला. मूळ घर वाटणीत काकांकडे गेलं, म्हणून सासूबाईंनी सगळ्यांना सांगून टाकलंय की यंदाची चवथ (गणेशचतुर्थी) नव्या घरात. ठेकेदार म्हणतो, ऑगस्टपर्यंत सगळं करून देतो. नवरा वेर्ण्याला कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, मी शाळेत शिकवते. माणूस वाईट नाही, रविवारी मासे तोच साफ करतो. पण टाइल्सच्या दुकानातून बाहेर पडलो की आमचं बोलणं बंद होतं. काय करू?

*(खाली वेगळ्या शाईत)* मावशी, हिनं माझी बाजू बरोबर लिहिली आहे. मला एवढंच विचारायचंय, हे माझं घर आहे की म्युझियम?

---

पोरांनो,

शाई दोन आणि कागद एक, हे मला आवडलं. म्हणून उत्तरही दोघांना मिळूनच देते. मधे कधी एकट्याला बोलेन, तेव्हा दुसऱ्यानं कान बंद करायचे नाहीत.

आधी चवथीचं, कारण तुमची सगळी गाठ तिथेच बसली आहे. चवथ येते ऑगस्टच्या शेवटी नाही तर सप्टेंबरात. ठेकेदार ऑगस्टपर्यंत करून देतो म्हणतो, म्हणजे तो गिलावा करणार जून-जुलैत आणि रंग लावणार श्रावणात. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैत दोरीवरचा टॉवेल चार दिवस वाळत नाही, तिथे हातभर जाडीची चिऱ्याची भिंत कशी वाळायची? ठेकेदाराला हे माहीत नसतं असं नाही. पण त्याला चवथीपूर्वी पैसे हवे असतात, आणि भिंत फुगते ती दिवाळीनंतर.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमचं पहिलं घर डिचोलीला होतं, तेही असंच जुनं, मातीत बांधलेल्या चिऱ्यांचं. आमच्या ह्यांनाही चवथीचीच घाई. जुलैत सिमेंटचा गिलावा झाला, ऑगस्टात डिस्टेंपर लागला, फिकट गुलाबी. पाहुणे भिंतीला टेकून बसले आणि उठले ते पाठीवर गुलाबी घेऊन. ते एक वेळ हसण्यावारी गेलं. पण माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं टांगायची लाकडी चौकट, बांधायला भिंतीत खिळे ठोकले होते, आणि ऐन आरतीत एक खिळा हातभर गिलाव्यासकट खाली आला. नारळ, सुपारीचा घड, सगळं मखराच्या कडेला. गणपतीला काही झालं नाही. माझ्या सासूबाई मात्र पुढची दहा वर्षं ती गोष्ट प्रत्येकाला सांगत होत्या, आणि दर वेळी खिळा थोडा मोठा होत गेला. दोन वर्षांत तो सगळा गिलावा आम्ही स्वखर्चानं खरवडून काढला.

तेव्हा गणपती जरूर बसवा. पहिला गणपती आहे, त्याला का अडवायचं? पण तो अर्ध्या घरात बसेल. मे महिन्यात कडक ऊन असताना सोप्याला आणि देवाच्या खोलीला नुसती चुन्याची सफेदी मारून घ्या. ती उन्हात वाळते आणि खर्च फारसा येत नाही. माटोळी भिंतीवर न बांधता सरळ वाशांना टांगा. (फॉल्स सीलिंग घातलंत तर माटोळी कुठे टांगणार, हा प्रश्न दोघांपैकी कोणालाच पडला नाही याचं मला नवल वाटलं.) बाकीच्या खोल्यांना पोपडे असतील तर असू देत. घर पुरं करण्याची मुदत धरायची तर तुळशीच्या लग्नाची, म्हणजे व्हडल्या (मोठ्या) दिवाळीची धरा. तोपर्यंत पाऊस गेलेला असतो, हवा कोरडी होऊ लागते आणि गवंडीही मोकळे असतात. सासूबाईंना हे सांगायचं काम मुलाचं. सुनेनं या विषयावर तोंड उघडायचं नाही, आणि मुलानं ‘हिला वाटतं’ अशी सुरुवात करायची नाही.

आता तुला एकट्याला, बाबा. तू क्वालिटीत आहेस. चाचणी न करता माल गेटबाहेर सोडतोस का? या घराची चाचणी एकच, एक पूर्ण पावसाळा. छप्पर कुठे गळतं, पाणी कुठल्या बाजूनं अंगणात शिरतं, कुठली भिंत खालून ओली होते आणि कुठली वरून, हे मार्च महिन्यात तुला कोणीही सांगू शकणार नाही. ठेकेदार नाही, मी नाही, तुझे वडील नाहीत. म्हणून माझं सांगणं असं की जूनच्या आधी फक्त छप्पर, पाण्याची वाट आणि वीज एवढंच करा, मग तिथे राहायला जा आणि चार महिने बघत बसा. घराचा एक नकाशा काढ. गळतं तिथे खडूनं खूण, तारीख, वारा कुठून होता ते. तुला एक्सेल आवडतं असा माझा अंदाज आहे. मध्यरात्री टॉर्च घेऊन दोघांनी घरभर फिरायचं. भांडायला तेव्हा वेळ मिळत नाही, बालद्या सरकवाव्या लागतात.

छपराबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुमचे निम्मे पैसे तिथे गेले तरी मला वाईट वाटणार नाही. कौलातून ऊन दिसतं म्हणजे कौल सरकलंय किंवा फुटलंय. बहुधा माकडांचा प्रताप. ते सोपं आहे. खरी भीती लाकडाची. वाशांची टोकं भिंतीवर जिथे टेकतात तिथे ती आधी कुजतात, कारण वरून गळलेलं पाणी तिथे येऊन साठतं; आढ्याचं पाणी वळचणीला येणारच. दुसरी जागा, दोन छपरं एकमेकांना मिळतात तिथला पन्हळ. शिडी लावून वर जा आणि प्रत्येक वाशाच्या टोकात स्क्रूड्रायव्हर खुपसून बघ. आत गेला तर वासा बदल, अडला तर राहू दे. भिंतीवरून मातीच्या बारीक नळ्या वर चढलेल्या दिसल्या तर ती वाळवी. लाकूड काढून, साफ करून पुन्हा बसवताना पूर्वी त्याला काजूच्या टरफलाचं तेल लावायचे. होड्यांनाही तेच लावतात. हाताला लागलं तर कातडी सोलते, म्हणून हातमोजे घालूनच.

कौलं बदलायची वेळ आली तर आधी एक कौल उलटं करून बघा. मागे कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. मंगळूरला बासेल मिशननं १८६५ च्या सुमारास ही कौलं पाडायला सुरुवात केली, मग तिथे एकामागून एक कारखाने निघाले आणि त्यांचा माल या किनाऱ्यावर सगळीकडे गेला. प्रत्येकाची खाच निराळी. एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही आणि नेमकं तिथूनच गळतं. म्हणून तोच शिक्का शोधायचा, पाडलेल्या जुन्या घरांची कौलं विकणाऱ्यांकडे. चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं लागतात. छपराचं माप घ्या, फुटलेली मोजा आणि वर शे-दीडशे जादा घेऊन बावीजवळ रचून ठेवा. दर वर्षी कौलं चाळायला माणूस लागतोच, तेव्हा ती उपयोगी पडतील. त्या ढिगात हात घालताना मात्र आधी काठीनं वाजवा. कौलांच्या आणि चिऱ्यांच्या ढिगात फुरसं (विषारी साप) बसतं.

सासऱ्यांचं स्लॅबचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. त्यांच्या पिढीनं दर मे महिन्यात छपरावर चढून कंबर मोडून घेतली आहे, त्यांना स्लॅब म्हणजे सुटका वाटते. पण फोंड्याहून साखळीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघा, किती स्लॅबांच्या डोक्यावर पत्र्याची टोपी आहे. गळायला लागल्यावर घातलेली. शिवाय पाडायला निघालात की कागदांचं निराळं प्रकरण सुरू होतं. जुनं घर हद्दीला चिकटून असलं तरी ते जुनं म्हणून उभं राहतं. नवं बांधायचं तर आजच्या नियमांप्रमाणे हद्दीपासून अंतर सोडावं लागतं, नगर नियोजन खात्याकडे जावं लागतं. तुमचा फणसाकडचा खोलीभर भाग त्यात जाईल असं मला पत्रावरून वाटतं. दुरुस्तीलाही पंचायतीचा परवाना लागतो, तो आधी काढा. पण ते काम त्यामानानं लहान.

कागदांचा विषय निघालाच आहे तर एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची नोंद) पुन्हा काढून बघा. तुमचं नाव चढलं का, आणि इतर हक्कांच्या रकान्यात मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) नाव तर नाही ना. १९७५ च्या कायद्यानं मुंडकाराला संरक्षण आहे, पुढे ‘आम्हाला कोणी सांगितलंच नाही’ म्हणून चालत नाही. विकणाऱ्या भावांबरोबर त्यांच्या बायकांच्याही सह्या झाल्यात ना? वकिलानं बघितलंच असेल. तरी बघा. घरपट्टी, वीज आणि नळ यांची नावंही याच फेरीत बदलून घ्या.

आणि बाबा, तुझ्या त्या दोन ओळींपैकी एक शब्द मला खटकला. ‘माझं’ घर. गोव्यात अजून १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता कुटुंबाच्या बाबतीत लागू आहे. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी निम्मी. हप्ता कोणाच्या पगारातून कापला जातो याला तिथे किंमत नाही. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: अर्धं घर तुझं, अर्धं तिचं, आणि म्युझियम कोणाचंच नाही.

आता भिंती. इथे मी पूर्णपणे बायच्या बाजूनं आहे, पण तिच्या कारणासाठी नव्हे. चिरा हा भोकाभोकांचा दगड. तो जमिनीतलं पाणी वर ओढतो, आणि पूर्वीच्या चुन्याच्या गिलाव्यातून ते पाणी हळूहळू हवेत निघून जायचं. वर सिमेंट चोपडलं की ती वाट बंद होते. पाणी मग आणखी वर चढतं, येताना जमिनीतले क्षार आणतं, भिंतीला लोणा लागतो आणि गिलावा आतून ढकलला जातो. तुमचे आत्ताचे पोपडे बघा. ते जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंतच आहेत आणि वर भिंत ठीक आहे, असं असेल तर आधीच्या मालकानं कधीतरी तिथे सिमेंट लावलंय असं समजा. बोटाच्या पेरानं ठोकून बघा, पोकळ आवाज येईल.

एक साधी परीक्षा आहे. फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा घ्यायचा, भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करायचा आणि चार दिवस ठेवायचा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला घाम आला तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला आला तर ती हवेतली. आत्ता एकदा करा आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा त्याच जागी. दोन्ही नोंदी नकाशावर.

भिंतीतून येत असेल तर खालचा तीन-चार फुटांचा गिलावा मे महिन्यातच खरवडून चिरे उघडे करा आणि पावसाळाभर तसेच ठेवा. दिसायला वाईट दिसेल. पाहुण्यांना सांगा, भिंत श्वास घेतेय. ऑक्टोबरात चिऱ्यांच्या सांध्यांत चुन्यानं दरजा भरून घ्या आणि वर चुन्याचाच गिलावा. चुना विरवून काही आठवडे पाण्यात मुरवावा लागतो; आणून लगेच कालवणारा गवंडी असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. जाणता गवंडी मिळणं अवघड आहे, हेही खरं. देवळांची जुनी कामं केलेली माणसं म्हार्दोळ, प्रियोळ, माशेल या बाजूला विचारत गेलात तर कोणी ना कोणी सापडेल. नाहीच मिळाला तर चिरे उघडेच राहू देत, पण सिमेंट नको. आणि भिंत वाळल्याशिवाय ऑइलपेंटचा डबा घरात आणायचा नाही.

विजेचं थोडक्यात. तारा सगळ्या नव्या, मातीतल्या भिंतीत चर न मारता वरून पाइपातून, अर्थिंग नवीन आणि बोर्डावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका). ओल्या घरात हा खर्च टाळायचा नाही. हे छपराबरोबरच, मे महिन्यात.

बाय, आता तुझी पाळी. ‘आहे तसंच हवंय’ हे म्हणायला गोड आहे. पण ते घर बांधणाऱ्या बाईला कोणी विचारलं होतं का, की तुला स्वयंपाकघर अंधारं हवं की उजेडाचं? धूर, खाली बसून चिरणं-वाटणं, न्हाणीसाठी पावसात बाहेर जाणं, यातलं काय जपायचं आहे तुला? माझ्या आईनं तसं स्वयंपाकघर चाळीस वर्षं वापरलं आणि गॅसचा ओटा आला त्या दिवशी ती जुन्या चुलीकडे बघायलाही तयार नव्हती. स्वयंपाकघर त्याला दे. पूर्ण. खिडकी मोठी करू दे, ग्रॅनाइटचा ओटा घालू दे. मासे तोच साफ करतो ना, मग सिंक कुठे हवं हे त्यालाच जास्त कळतं. बाबा, फक्त दुकानातली ती भुशाच्या बोर्डाची कपाटं घेऊ नकोस. आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत ती शिऱ्यासारखी फुगतात. मरीन प्लाय किंवा सरळ स्टील, खाली पाय देऊन जमिनीपासून उचललेलं, आणि मागे भिंतीपासून चार बोटं जागा. तेही ऑक्टोबरनंतर. पावसाळाभर जुन्याच ओट्यावर भागवा, म्हणजे कुठे काय हात लागतं तेही कळेल.

न्हाणीघर आत आणणार असाल तर शोषखड्डा बावीपासून निदान १५ मीटर लांब हवा. प्लॉट लहान असेल तर ही एक गोष्ट आधी कागदावर मांडा, कारण त्यावर घराची अर्धी रचना ठरते. बाव बुजवायची नाही, हे सांगायची गरज नसावी. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की उपसून घ्या, गाळ काढा आणि वर जाळी घाला.

अंगणाकडे येते. तुमचं छप्पर १०० चौरस मीटर धरलं तर पावसाळ्यात त्याच्यावरून तीन लाख लिटर पाणी खाली येतं. दहा हजार लिटरचे तीस टँकर. अंगणभर पेव्हर घातलेत तर हे सगळं पाणी जाणार कुठे? उतार थोडा चुकला की जोत्याकडे, म्हणजे पुन्हा त्याच भिंतीत. माती असली तर ते जिरतं आणि एप्रिलमध्ये बावीत दिसतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अंगणाची उंची. जुन्या घरांत वर्षानुवर्षं भर पडून अंगण वर येतं आणि जोतं बुडतं. घराला लागून हातभर रुंद पट्टा खणून बघा, जोत्याचा मूळ चिरा किती खाली आहे. अंगण त्याच्यापेक्षा फूटभर तरी खाली हवं. जादा माती कुदळीनं काढून मागे परसात टाका. या एका कामानं तुमची निम्मी ओल जाईल, आणि त्याला दोन कामेरी (मजूर) आणि चार दिवस लागतात. पागोळ्या पडतात त्या रेषेत चिऱ्याचं उथळ गटार घ्या आणि ते परसाकडे वळवा. गाडी उभी राहते तेवढ्या दोन चाकोऱ्यांवर चिरे बसवा, पावसात चिखल होणार नाही.

वृंदावन. याच्यावरून तुम्ही किती रात्री घालवल्या असतील, याची मला कल्पना आहे. बाबा, मापपट्टी घे. गाडी सरळ येत नाही याचं कारण वृंदावन आहे की गेट? गेट कुंपणात कुठेही बसतं. चिऱ्याच्या कुंपणात दीड-दोन मीटर बाजूला नवी वाट काढून जुनी भरून घ्यायला फार काही लागत नाही. वृंदावन हलवायचं म्हटलं तर भटजी, मुहूर्त, तुझी आई, मावशी आणि शेजारीण, एवढ्यांची परवानगी लागेल. पंचायत त्यामानानं बरी. त्या वृंदावनाला तडा गेलाय असं दिसलं तर त्याला तेवढा चुना लावा. आणि पूर्वीच्या मालकिणीला एकदा फोन करून सांगा की तुळस आहे तिथेच ठेवली. ती खूश होऊन बावीचे झरे कुठल्या बाजूला आहेत आणि पाऊस जोराचा झाला की पाणी कुठून घुसायचं, हे सगळं सांगेल. तेवढी माहिती कुठल्याच ठेकेदाराकडे नसते.

फणस पानं टाकतो म्हणून तोडायचा विचार कोणाच्या मनात असेल तर थांबा. १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. आणि कशाला तोडायचा? छपरावर आलेल्या फांद्या परवानगी घेऊन उतरवा, खोडावर मिरीची वेल सोडा. मुळं जोत्यात शिरलीत असं खणताना दिसलं तर मात्र तो निराळा प्रश्न, तेव्हा जाणत्याला दाखवा. नवी झाडं पहिल्या पावसानंतर. माड लावायचा तर दोन माडांत आणि माड व घर यांच्यात साडेसात मीटर सोडा. रोपटं हातभर असतं तेव्हा हे अंतर वेड्यासारखं वाटतं. मोरीचं पाणी जिथे जातं तिथे केळ आणि अळू. भिरंडीचं (कोकमाचं) एक झाड मागच्या सावलीत. अबोली कुठेही येते, ती बायच्या मर्जीनं.

पैशाचं एक सांगून ठेवते. आठातला एक लाख दोघांच्या सहीच्या वेगळ्या खात्यात टाका आणि विसरून जा. जुन्या घरात काहीतरी निघतंच, वाशाच्या आत नाही तर जमिनीखाली. आणि ऑक्टोबरपर्यंत टाइल्सच्या दुकानात जायचं नाही. दोघांनीही. रविवारी बाजारात जा, सुंगटं (कोळंबी) घ्या, त्यावर तुमचं एकमत असावं असं दिसतं.

नोव्हेंबरात ऊस, आवळा, चिंच आणि दिंड्याची काठी आणाल तेव्हा खालच्या भिंती कोरड्या असतील की नाही, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. प्लास्टिकचा तुकडा सांगेल. मला कळवा. आणि हो, एक माड छपरावर झुकलाय का? पत्रात नाही लिहिलंत, पण असतोच. असला तर पाडेल्याला (माडावर चढून नारळ काढणाऱ्याला) आजच सांगून ठेवा. नारळ आणि सुकी चुडतं पावसाआधी उतरवायला हवीत, आणि मे उजाडला की तो कोणालाच सापडत नाही.